उलटं बसवलेलं चाक

बाई कौतुक करायच्या ते अगदी हळू आवाजात, जवळ येऊन, जणू चोरीचा माल हातात देताहेत. स्वतःची चूक सांगायची असली की मात्र त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. दोन्हींची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले.

लालबागला त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. खाली तपासणीची खोली, वर थोड्या खाटा, आणि दारात त्यांची काळी, चौकोनी, लढाईच्या आधीची विलायती मोटार. मी तिथे नर्स होते. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, राहायला जवळच्याच चाळीत. परीक्षा पास होऊन पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा गणवेश घालून गेले तर दारात मला फक्त दोन पाय दिसले. पायांत पुरुषी बूट, वर खोचलेल्या पांढऱ्या पातळाचा काठ, आणि बाकीची व्यक्ती मोटारीखाली.

"डॉक्टर कुठे भेटतील?" मी विचारलं.

"भेटल्या की," मोटारीखालून आवाज आला. "तो मोठा पाना दे."

मला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. हाताला लागलं ते दिलं. ते चुकीचंच होतं. बाई बाहेर आल्या, काळे हात पुढे धरून मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून इस्त्री इतकी कडक नको. बाळांना टोचते."

हीच माझी मुलाखत. नेमणूक झाली की नाही हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मी रोज जात राहिले.

शेजारी मिरच्या कुटायचे डंके होते. उन्हाळ्यात सगळ्या मुंबईचा मसाला जणू तिथेच कुटला जाई. वाऱ्याची दिशा फिरली की वरच्या बायका शिंकायला लागत. ज्या बाईला कळा येताहेत तिला शिंका येणं म्हणजे काय, हे पुरुषांना सांगून कळायचं नाही. बाई एकदा डंकेवाल्याकडे गेल्या. भांडल्या नाहीत. त्याच्या बायकोची तिन्ही बाळंतपणं त्यांनीच केली होती, पण तेही काढलं नाही. त्या त्याला हात धरून वर घेऊन आल्या, एका खाटेजवळच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं बसा." तो पाचच मिनिटांत डोळे पुसत खाली उतरला. त्या दिवसापासून ठरलं: खिडकीत लाल फडकं लटकलं की डंके बंद. मुसळं थांबली की आख्ख्या गल्लीला कळायचं, वर कुणाची तरी वेळ आली. बायका जिन्याखाली येऊन उभ्या राहायच्या.

एका बाईला तपासून त्यांनी जुळं सांगितलं होतं. झालं एकच. घरात सासू तोंड वाकडं करून काहीबाही बोलायला लागली. दुसरं कुठे गेलं, सुनेने काय खाल्लं, काय लपवलं. बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या जेवत होत्या. ताट तसंच ठेवून उठल्या, त्या चाळीत गेल्या, गॅलरीत मधोमध उभ्या राहिल्या आणि चारी मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "जुळं मी म्हटलं होतं! एकच निघालं! चूक माझी आहे, हिची नाही! कुणाला काही विचारायचं असेल तर इथे या, मला विचारा!" येताना त्या सुनेच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजल्या. ती ओल्या डोळ्यांनी हसली. काय म्हणाल्या ते मला कधीच कळलं नाही.

ती मोटार त्यांना एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरांनी दिली होती. बाई त्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या. देताना त्यांनी एकच अट घातली, आतलं सगळं स्वतः शिकून घ्यायचं. बाईंनी ती अट इतकी मनावर घेतली की रविवारी सकाळी त्या इंजिनात डोकं घालून बसत आणि येणाऱ्या बाळंतिणींना हातातल्या फडक्याने खूण करत, वर जा, येते. वर येण्याआधी कोपरापर्यंत हात घासायच्या, नखांत ब्रश फिरवायच्या, मग मला दाखवायच्या. माझी मान हलली की आत. माझी मान हलली नाही म्हणून त्या पुन्हा मोरीकडे वळलेल्या मला आठवतात. कधी रागावल्या नाहीत.

इंजिनाचा आवाज ऐकायला त्यांनी स्टेथास्कोप कधी वापरला नाही. एकदा मी सुचवलं, तर डोळे मोठे करून म्हणाल्या, "तो माणसांचा आहे." त्या एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायच्या, टोक इंजिनावर टेकवायच्या आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायच्या. गल्लीतली पोरं खिदळायची. बाईंना त्याचं काही नसे.

आता त्या चाकाची गोष्ट.

आंदोलनाचे दिवस होते. मुंबई आमचीच, हे गिरणगावात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. रोज सभा, मोर्चे, मधेच गोळीबार, मग संचारबंदी, ती उठली की पुन्हा हरताळ. परळच्या मोठ्या इस्पितळात जखमींनी वॉर्ड भरलेले. त्यातच आमची मोटार बिघडली. पुढच्या बाजूला टकटक आवाज, चढावर दम नाही, आणि मधूनच कार्बोरेटरमधून फटकन उलटी शिंक. भायखळ्याच्या पुलावर ती अशी काही रेंगाळली की मागच्या टांगेवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून रामराम केला.

गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. कुडाळकडचे, तापट, हातात कसब असलेले. त्यांनी इंजिन ऐकलं आणि निकाल दिला, "बेअरिंग गेलाहा, बाईनू. इंजिन खाली काढूक होया. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवस?"

"हरताळ नसलो तर."

त्याच सकाळी शेवंता आली होती. लोअर परळच्या चाळीतली, नवरा गिरणीच्या वर्कशॉपात फिटर. पहिलं मूल जन्मतानाच गेलेलं. दिवस भरत आलेले आणि पोटातलं मूल आडवं. बाईंनी बाहेरून हात फिरवून फिरवून ते सरळ करून पाहिलं, ते पुन्हा आडवं झालं. आमच्याकडे ऑपरेशनची सोय नव्हती. धोबी तलावापलीकडच्या बायकांच्या इस्पितळात बाईंची एक मैत्रीण होती. तिने फोनवर सांगितलं, आज खाट नाही, पण कळा सुरू झाल्या की कुठल्याही वेळी घेऊन ये, मी आहे. उद्याचा हरताळ जाहीर झालेला. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. अँब्युलन्सवर विसंबावं असे ते दिवस नव्हते.

बाईंनी शेवंताला खिडकीजवळची खाट दिली, तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि खाली उतरल्या. मिस्त्री टोपी घालून निघण्याच्या तयारीत होते.

"मिस्त्री, मला ते बेअरिंग वाटत नाही."

"माका वाटता."

"मग बघू या. सिस्टर, इकडे ये."

त्यांनी इंजिनाचे प्लग काढले, म्हणजे ते हाताने सहज फिरेल. मग डिस्ट्रिब्यूटरचं काळं टोपण उचललं. आत एक छोटा तुकडा असतो, रोटर. इंजिन फिरलं की तो फिरतो. "याच्यावरून नजर हलवू नकोस," असं मला सांगून त्या पुढे गेल्या आणि पंख्याच्या पट्ट्याला धरून इंजिनाची पुढची पुली हळूच एका बाजूला फिरवली.

"हलला?"

"हो."

त्यांनी ती उलट्या बाजूला वळवायला घेतली.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही, बाई."

"आता?"

"आत्ता हलला."

मिस्त्री पुढे आले, मला बाजूला सारून स्वतः बघू लागले. बाईंनी पुन्हा करून दाखवलं. पुली दोन बोटं फिरत होती तरी रोटर गप्प उभा, मग एकदम दचकल्यासारखा हलायचा. मिस्त्रींनी रोटर चिमटीत धरून हलवून पाहिला. तो आपल्या जागी घट्ट होता.

"इंजिनाचा दांडा फिरतो," बाई म्हणाल्या. "त्याच्यावरचं लहान चाक मोठ्या चाकाला फिरवतं, आणि मोठ्या चाकावर झडपा आणि हा रोटर. दांडा पुढे जातो आणि बाकीचे मागे राहतात. म्हणून दम नाही, म्हणून उलट्या शिंका. लहान चाकाचे दात गेलेत. दुसरं काही नाही."

"दुसरा काय नाय?" मिस्त्री म्हणाले.

"दुसरं काही नाही."

मिस्त्रींनी टोपी काढून खिळ्याला अडकवली.

दुपारपर्यंत रेडिएटर उतरला, पुढची पुली निघाली, पुढचं झाकण निघालं. आत दोन चाकं एकमेकांना भिडलेली. मोठं, दाबून केलेल्या फायबरचं, बरं होतं. लहान पोलादी चाकाचे दात मात्र एका अंगाने खाल्लेले, पोपटाच्या चोचीसारखे. बाईंनी माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलली. तेवढ्यात मिस्त्रींनी ते चाक दोन बोटांत धरून डुलवलं. ते दांड्यावर डुलत होतं. चाक आणि दांडा एकत्र धरून ठेवायला मधल्या खाचेत पोलादाचा छोटा तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात. ती कडेने चेपून गेली होती.

"दुसरा काय नाय, म्हणत होतात," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

बाई उठल्या, रस्त्याच्या मधोमध गेल्या. "माझं अर्धं चुकलं!" डंक्यांच्या आवाजावरून त्यांचा आवाज चढला. "चावी मला दिसली नाही! मिस्त्रींनी पकडली!" समोरच्या भुसारी दुकानदाराने कशाबद्दल ते न कळताच हात जोडले. मिस्त्रींचे कान लाल झाले. "नाटक करतत," ते मला म्हणाले, पण त्या क्षणापासून ते हरताळाबद्दल आणि घरी जाण्याबद्दल बोलले नाहीत.

नवीन चाक मिळण्यासारखं नव्हतं. ऑपेरा हाऊसकडच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, बोटीने येईल. बाई जुनं चाक हातात घेऊन पायरीवर बसल्या. फिरवून फिरवून बघत राहिल्या. मी वर जाऊन शेवंताला पाहून आले. ती म्हणाली कंबर भरून आलीय. मी खाली येऊन ते सांगितलं. बाईंनी मान हलवली, चाकावरची नजर काढली नाही.

मग म्हणाल्या, "मिस्त्री, हे एकाच अंगाने झिजलंय. दुसरं अंग कोरं आहे. उलटं करून बसवलं तर?"

"आणि खूण?" मिस्त्री उसळले. दोन्ही चाकांवर एकेक खूण असते. त्या समोरासमोर आणून चाकं बसवली तरच झडपा वेळेवर उघडतात. "उलटा केलात तर खूण आतल्या बाजूक जातली. एक दात इकडेतिकडे झालो तर गाडी चालूच होवची नाय. नायतर वाटेत बंद पडात. पोटुशी बाई घेऊन!"

"म्हणूनच विचारतेय."

बाईंनी मला एक कोरा केसपेपर आणायला सांगितला. पायरीवर तो पसरून त्याच्यावर चाक ठेवलं, पेन्सिलीने सगळ्या दातांची आणि मधल्या खाचेची रेघ ओढली आणि खुणेचा दात कागदावर फुलीने दाखवला. मग चाक उलटं केलं आणि त्याच रेघेवर, खाचेवर खाच येईल असं ठेवलं. तिघांनी डोकी खाली घातली. दातांवर दात नीट बसले होते. फुलीसमोर आता दुसराच दात आला होता.

"नवी खूण इथे," बाई म्हणाल्या.

चाक उचलून मिस्त्रींनी स्वतः पुन्हा एकदा ठेवून पाहिलं. मग छिन्नी घेतली आणि त्या दातावर बारीक खूण ठोकली.

चावीचं काम शेवंताच्या नवऱ्याने केलं. तो सकाळपासून जिन्यात बसून होता. "बाई, मला काहीतरी काम द्या. नुसतं बसवत नाही," तो म्हणाला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला जुनी चावी दाखवली. तो गॅरेजातल्या बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात पोलादाचा तुकडा आवळून कानस चालवायला लागला. घासायचा, खाचेत घालून बघायचा, पुन्हा घासायचा. शेवटी चावी हातोडीच्या हलक्या ठोक्याने आत गेली आणि चाक डुलायचं थांबलं. त्याने तिथेच उभं राहून दुसरी चावी घासायला घेतली.

"ती कशाला रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"असू दे," तो म्हणाला.

संध्याकाळी दिवेलागणीला बाईंनी हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. टकटक गेली होती. दात अजून एकमेकांना सरावले नव्हते, त्यामुळे एक बारीक कण्हणं ऐकू येत होतं. बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं, मग मिस्त्रींपुढे धरला. त्यांनीही, आयुष्यात पहिल्यांदा असणार, तो कानामागे लावला. बाई त्यांच्याजवळ सरकून अगदी हळू काहीतरी बोलल्या. मिस्त्री मान वळवून गॅरेजात गेले आणि उगाच पाने पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवंता मागच्या सीटवर, तिचं डोकं माझ्या मांडीवर, नवरा पुढे बाईंच्या शेजारी, ती दुसरी चावी मुठीत धरून. चिंचपोकळीपुढे रस्त्यावर दगड रचलेले होते, पलीकडे तरुण पोरांचा जमाव. "आज गाडी जाणार नाय!" एकाने बॉनेटवर हात आपटला.

बाईंनी इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हरताळ म्हणजे हरताळ. मूल आडवं आहे, तुमच्यापैकी कोण सोडवतो ते सांगा. मी गाडी इथेच ठेवते."

मग मागच्या सीटवर शेवंता ओरडली. ज्याने हात आपटला होता तोच आधी वाकला. बाईही दगड उचलू लागल्या, तर त्याने त्यांच्या हातातला दगड काढून घेतला. वाट मोकळी झाल्यावर दोघे जण दारांखालच्या पायफळीवर चढले आणि पुढच्या प्रत्येक जमावाला दुरूनच ओरडत गेले, "बाळंतीण आहे! सोडा! सोडा!" भायखळ्याच्या पुलाशी बाईंनी गिअर बदलला, आणि मी नकळत डोळे मिटले. गाडी कण्हत कण्हत चढली आणि पलीकडे उतरली. पुढे पोलिसांनी अडवलं, आत डोकावले, आणि पायफळीवरच्या पोरांना उतरवून गाडी सोडली. बाईंनी त्यांच्याशीही वाद घातला नाही. "पोरांना मारू नका, रस्त्यातले दगड त्यांनीच बाजूला केलेत," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. बाहेर येऊन मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याची मूठ उघडेना. चावीची कड तळव्यात रुतून रक्त आलं होतं. मी ते धुऊन पट्टी बांधली. त्याच वर्षी तो मुलीला खांद्यावर घेऊन नागपूरला गेला आणि धम्मदीक्षा घेऊन आला.

बोटीने नवीन चाक आलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. तोवर ते उलटं चाक एकदाही अडलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबाग नटलं होतं. गॅलरी-गॅलरीत दिवे, रस्त्यावर लेझीम, अनोळखी माणसं एकमेकांच्या तोंडात पेढे भरताहेत. मिस्त्रींनी तर नवा सदरा घातला होता. मी बाईंना बोलवायला वर गेले. त्या एका बाळंतिणीच्या कोपऱ्यातल्या खाटेशी बसून बाळाला दूध ओढायला शिकवत होत्या.

"बाई, चला ना. सगळे विचारताहेत."

"जा तू. मला आनंद आहे, खरंच आहे." बाळाचं डोकं सावरत त्या म्हणाल्या, "माझं घर बेळगावात आहे, सिस्टर. मोठा भाऊ आहे तिथे. ते राहिलं तिकडेच."

इतकी वर्षं मी त्यांच्याजवळ होते. त्या कुठल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. आंदोलनात किती मोर्च्यांतली डोकी त्यांनी आमच्या खालच्या खोलीत शिवली होती, आणि एकदाही स्वतःच्या गावाचं नाव काढलं नव्हतं. मी तिथेच दुसऱ्या स्टुलावर बसले. खाली लेझीम वाजत होतं.

चार दिवसांनी त्यांनी पातळं बॅगेत भरली आणि मोटार घेऊन एकट्या बेळगावला निघाल्या. मिस्त्री घाटांची नावं घेऊन घेऊन विरोध करत राहिले, शेवटी सगळ्या नळ्या, पट्टे, ब्रेक स्वतः तपासून दिले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

त्या परतल्या तेव्हा मोटार लाल धुळीने भरली होती. मिस्त्री धावत आले, मी जिन्यावरून खाली आले.

"भाऊ कसे आहेत?" मी विचारलं.

"म्हातारा झालाय. आंबे दिलेत तुम्हाला."

"आणि रस्तो?" मिस्त्रींनी विचारलं.

बाई बूट झटकत होत्या. "रस्ता चांगला आहे," त्या म्हणाल्या. "सबंध वाटेत कुठेही रेघ मारलेली दिसली नाही."

मग डिकीतली आंब्यांची पेटी माझ्या हातात देऊन त्या जिना चढायला लागल्या, आणि अर्ध्यातून वळून विचारलं, कोपऱ्यातल्या खाटेवरचीला दूध आलं का?